दहा पेट्यांचा हिशोब : विदर्भात मधमाशा पाळताना पैसा कुठे येतो, कुठे जातो

मधमाशा पाळायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो पेटी केवढ्याला मिळते. तो शेवटी विचारला तरी चालतो. आधी दोन गोष्टी बघा. तुमच्या गावापासून टेम्पोच्या एका रात्रीच्या टप्प्यात वर्षाचे किती महिने फुलोरा असतो? आणि मिरगापासून पोळा सणापर्यंत माशा काय खाणार? याची उत्तरं नसतील तर अर्ध्या किमतीत मिळालेली पेटीही महागच पडते.

कोणती माशी, कुठे

आग्या आणि फुलोरी या जातींच्या माशा पेटीत राहत नाहीत. दोघी उघड्यावर एकच पोळं लोंबवतात, बंद जागेत अनेक पोळी बांधण्याची त्यांची जात नाही. "आग्या पेटीत बसवून देतो" असं कोणी म्हणालं तर इसार देऊ नका. पेटीत पाळायच्या माशा दोनच, आपली सातेरी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा.

सातेरी मेळघाट, गडचिरोली, गोंदिया, पूर्व चंद्रपूर अशा झाडोऱ्याच्या भागात टिकते. तिला स्थलांतर लागत नाही, कारण जंगलात काही ना काही फुललेलं असतं. अकोला, यवतमाळच्या मोकळ्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पट्ट्यात ती बसवली की एप्रिल-मेच्या उन्हात किंवा पावसाळी उपासमारीत घर सोडून जाते. मेलिफेरा सहसा उडून जात नाही, मध जास्त देते, पण तिला फुलोऱ्यामागे न्यावं लागतं आणि खायला घालावं लागतं. दोन्ही एकाच वावरात शेजारी ठेवू नका. टंचाईत मेलिफेरा सातेरीची पेटी लुटते.

मडकं पकडायला, पेटी कमवायला

मडकं किंवा पोकळ ओंडका ही जुनी पद्धत मोडीत काढण्यासारखी नाही, पण तिचं काम वेगळं आहे. १५०-२०० रुपयांच्या मडक्यातून वर्षाला दोन-तीन किलो मध निघतो. तोही पोळं कापून, पिळून. त्यात पराग आणि पिल्लांचा रस उतरतो, म्हणून असा मध लवकर आंबतो आणि भावही पडतो. खरं नुकसान पुढे आहे. एक किलो मेण तयार करायला माशा साधारण सहा ते आठ किलो मध खातात. पोळं कापलं की ते सगळं पुन्हा बांधावं लागतं. पेटीतली पोळ्याची लाकडी चौकट मधयंत्रात फिरवली की मध बाहेर येतो आणि पोळं जसंच्या तसं परत जातं. आधुनिक पेटीचा फायदा मुख्यतः या वाचलेल्या मेणात आहे.

मडक्याचा उत्तम उपयोग म्हणजे सातेरीचा थवा धरणं. १५ ते २० लिटरचं जुनं, कोरडं मडकं घ्या. नवं मडकं ओल धरतं. आतून जुन्या पोळ्याचं मेण चोळा. तोंडावर लाकडी फळी बसवून शेण-मातीने लिंपा आणि बुडाला करंगळी जाईल एवढं, १०-१२ मिलिमीटरचं भोक ठेवा. जमिनीपासून दोन-तीन मीटर उंच, दाट सावलीत आडवं बांधा, भोक पूर्वेकडे. वसाहती फुटतात पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. त्याच्या पंधरा दिवस आधी मडकी लागलेली हवीत. दहा लावली तर सगळी भरत नाहीत, आणि ज्यात मुंगळे शिरले ते तर नक्कीच नाही. मध आणि मेण हे वनहक्क कायदा २००६ प्रमाणे गौण वनोपज आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात मडकी जंगलात लावण्याआधी ग्रामसभेत विचारून घ्यावं.

मडक्यातून पेटीत वसाहत हलवायची वेळ उन्हं उतरल्यावर, पाचच्या सुमारास. धुरकांड्याने दोन-तीन हलके झोत द्या, जास्त धूर नको. पिल्लांची पोळी एकेक कापून चौकटीच्या आतल्या मापाची करा. वरची बाजू वरच राहिली पाहिजे. पोळं उलटं बसलं तर घरांचा उतार उलटा होतो आणि माशा ते सोडून देतात. केळीच्या सोपटाने किंवा कापसाच्या दोऱ्याने चौकटीला बांधा. नायलॉन नको. पोळं चिकटलं की माशा दोरा कुरतडून बाहेर टाकतात, नायलॉन त्यांना कुरतडत नाही. मधाने भरलेला भाग बांधू नका, तो रात्रीतून तुटतो, मध सांडतो आणि सकाळी मुंग्यांची रांग लागते. राणी पेटीत गेली की बाकीच्या माशा मागून येतात. दारावर राणीजाळी (राणीला बाहेर न सोडणारी जाळी) चार-पाच दिवस ठेवा, त्याच रात्री साखर-पाणी सम प्रमाणात करून पाव लिटर आत द्या आणि तीन दिवस झाकण उघडू नका. बहुतेक वसाहती पळतात त्या दुसऱ्या दिवशी "बघू तरी" म्हणून झाकण उघडल्यामुळे.

पेटी घेताना फूटपट्टी खिशात ठेवा

सातेरीला न्यूटन किंवा आयएसआय 'ए' प्रकारची छोटी पेटी, मेलिफेराला १० चौकटींची लँगस्ट्रॉथ. गावच्या सुताराकडून करून घेतली तर पैसे वाचतात, पण चूक ठरलेल्या जागी होते : चौकट आणि भिंत यांच्यातलं अंतर. मेलिफेराला ते साधारण साडेनऊ मिलिमीटर लागतं, सातेरीला एखाद मिलिमीटर कमी. जास्त सुटलं तर माशा मधे आडवं पोळं बांधतात आणि चौकट निघत नाही. कमी पडलं तर सांधे चिकटवून टाकतात. पहिली पेटी विकतची आणून सुतारासमोर ठेवावी हे उत्तम. लाकूड वाळलेलं हवं. प्लायवूड एका पावसाळ्यात फुगतं.

चौकटीत मेणपत्रा (घरांचा साचा उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा) लावताना जातीचा बघून घ्या. मेलिफेराच्या पत्र्यावरची घरं मोठी असतात. तो सातेरीला दिला तर पोळं वेडंवाकडं बांधलं जातं किंवा नराचीच घरं निघतात.

खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के स्वतःचा वाटा असतो. वैयक्तिक मधपाळाला १० दिवसांचं प्रशिक्षण आहे. अर्ज जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात मिळतो. अनुदानाचं साहित्य फुलोऱ्याच्या आधी हाती येईल का, एवढं आधी विचारून घ्या. मार्चमध्ये मिळालेल्या माशा मेमध्ये सांभाळण्यातच वर्ष जातं. स्वतःच्या पैशाने घेणाऱ्यांनी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात घ्याव्यात, तेव्हा पुढे चार महिने फुलं असतात. घेताना चौकटीवरच्या माशा मोजा, राणी किंवा उभी ताजी अंडी डोळ्यांनी बघा आणि बंद पिल्लांचा पट्टा सलग आहे ना ते तपासा. मधेमधे रिकामी भोकं असलेलं पोळं म्हणजे म्हातारी राणी किंवा रोग.

फुलांचं वर्ष

तूर फुलायला लागते ऑक्टोबरअखेर, बहर डिसेंबरपर्यंत चालतो. वसाहती वाढवायला हा काळ सोन्यासारखा, पण शेंगा पोखरणाऱ्या अळीची फवारणी नेमकी याच वेळी असते. डिसेंबर-जानेवारीत मोहरी, जवस, धने. धन्याचा एखादा एकर जवळ असेल तर पेटीचं वजन हाताला कळेल इतकं वाढतं.

मग संत्रा. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी पट्ट्यात ताण तोडल्यानंतर (थांबवलेलं पाणी पुन्हा सुरू केल्यावर) आंबिया बहराची फुलं जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतात. एका बागेचा खरा बहर जेमतेम तीन आठवडे. या तीन आठवड्यांत मध साठवायचा तर पेटीत आठ-दहा चौकटी भरून माशा आधीच असाव्या लागतात. अंडं घातल्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला २१ दिवस आणि ती फुलांवर जायला आणखी दोन-तीन आठवडे. म्हणजे फेब्रुवारीत मध आणणारी माशी डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या सुरुवातीला अंड्यात असली पाहिजे. डिसेंबरात पेटी कमजोर असेल तर संत्र्याच्या फुलांवर ती नुसती वाढते आणि बहर संपला की तयार होते. दर वर्षी कितीतरी जणांचं असंच होतं आणि दोष बागेला दिला जातो.

नवी पालवी आणि फुलं एकत्र येत असल्याने संत्र्यावर सायला या किडीसाठीची फवारणी याच दिवसांत असते. पेट्या ठेवण्याआधी बागवानाशी तारखा ठरवा. शेजारच्या धुऱ्यापलीकडच्या बागवानाशीही, कारण माशी सातबारा बघत नाही.

बुलडाणा, वाशीम भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचं बियाणं फुलतं आणि तिथे परागीभवनासाठी पेट्यांना भाडं मिळतं. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने माशांना तो फारसा आवडत नाही. जवळ दुसरं काही फुललं असेल तर त्या तिकडेच जातात. म्हणून दहा टक्के गेंद उमलल्यावरच पेट्या न्या, एकरी दोन-तीन, आणि प्लॉटच्या एका टोकाला न मांडता चारी बाजूंनी वाटून ठेवा. भाडं, पाणी, राखण आणि फवारणी कोणती व कधी, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. अर्धं भाडं पेट्या उतरवतानाच घ्या.

मार्चपासून पळस, काटेसावर, कडुलिंब, करंज, जांभूळ. हे जंगलकाठच्या लोकांचं भांडवल. मृग बहराची संत्र्याची फुलं जून-जुलैत येतात खरी, पण पाऊस मकरंद धुऊन नेतो. तो मध हिशोबात धरू नका. पावसाळ्यात मका, ज्वारीचा पराग मिळतो, तिळाचं थोडंफार. एवढ्यावर वसाहत जगत नाही.

आता आकडे

खालचे भाव हिशोब दाखवण्यापुरते धरले आहेत, आपल्याकडचे घालून पुन्हा मांडा. काटोल-वरूड पट्ट्यात मेलिफेराच्या १० पेट्या धरू.

माशांसह १० पेट्या प्रत्येकी ५,५०० प्रमाणे ५५,००० रुपये. मधाच्या पाच वरच्या कोठ्या (पेटीवर चढवायचे मधाचे मजले) ४,५००. चार चौकटींचं स्टीलचं मधयंत्र ९,०००. धुरकांडं, जाळीच्या टोप्या, हातमोजे, सुरी ही हत्यारं २,५००. मेणपत्रे ३,०००. बादल्या, गाळण्या आणि मधातलं पाणी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर ४,०००. एकूण ७८,०००.

वर्षाचा खर्च : पेटीमागे १० किलो साखर म्हणजे १०० किलो, ४५ रुपयांनी ४,५००. टेम्पोच्या चार खेपा १०,०००. दहातल्या तीन वसाहती मेल्या असं धरून त्यांची भरपाई ९,०००. मेणपत्रे, औषध, डागडुजी ३,०००. साहित्याची झीज ५,०००. स्वतःची मजुरी, ४० अर्धे दिवस २५० रुपयांनी, १०,०००. बेरीज ४१,५००. बाटल्यांचा खर्च यात नाही.

उत्पन्न : पेटीमागे सरासरी १२ किलो, एकूण १२० किलो मध. कांद्याच्या एका हंगामाचं भाडं पेटीमागे १,५०० म्हणजे १५,०००. मेण १,०००. इथपर्यंत सगळ्यांचं सारखं. फरक पडतो तो विक्रीत. सगळा मध डब्यात भरून व्यापाऱ्याला १३० रुपयांनी दिला तर १५,६००. एकूण ३१,६०० उत्पन्न आणि ४१,५०० खर्च, म्हणजे ९,९०० तोटा. स्वतःची मजुरी धरली नाही तर १०० रुपये उरले असं म्हणता येईल. तोच मध अर्ध्या किलोच्या बाटल्यांत ५०० रुपये किलोने विकला तर ६०,०००. २४० बाटल्यांचे ३,६०० वजा केले तरी हाती ३०,९०० राहतात, मजुरी वेगळी. अर्धा असा आणि अर्धा तसा विकला तर नफा १०,५००. मधमाशा त्याच, वावर तेच, कष्ट तेच.

म्हणून पहिल्या वर्षी १० पेट्या घेण्याआधी ६० किलो मध विकत घेणारी माणसं मोजून बघा. नातेवाईक, गावचा दवाखाना, तालुक्याची दोन दुकानं धरून. ती नसतील तर तीन पेट्यांनी सुरुवात करा.

दुसरा हिशोब जंगलकाठच्या सातेरीचा. पाच रिकाम्या पेट्या १,८०० प्रमाणे ९,०००, छोटं मधयंत्र ५,०००, हत्यारं १,५००, एकूण १५,५००. माशा मडक्यात धरलेल्या, म्हणजे फुकट. पेटीमागे पाच किलो, २५ किलो मध ६०० रुपयांनी १५,०००. १५ किलो साखर, ५० बाटल्या आणि किरकोळ मिळून खर्च २,४०० च्या आसपास, मजुरी ५,०००. उरतात साडेसात हजार. रक्कम लहान दिसते, पण गुंतवणुकीच्या मानाने काटोलच्या ३०,९०० पेक्षा हा सौदा सरस आहे, आणि टेम्पो नाही. अडचण एकच, तो वाढत नाही. एका जागी पाच-सहा पेट्यांच्या पुढे गेलं की सातेरीचं उत्पन्न पेटीमागे घसरतं.

बिघडतं कुठे

पहिला धोका मे महिना. पिल्लांना ३४-३५ अंश लागतात आणि बाहेर ४५. माशा सगळं काम सोडून पाणी आणतात आणि पंखांनी वारा घालतात. त्याही पलीकडे गेलं की मधाने जड झालेलं नवं पांढरं पोळं मऊ पडून चौकटीतून ओघळतं आणि खालच्या माशा त्यात बुडून मरतात. टिनाच्या शेडखाली हे लवकर होतं. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा दोन थरांचा मांडव टाका, पेटीपासून हात-दीड हात उंच. पेटीवर ओलं गोणपाट, नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दिवसातून दोनदा भिजवलेलं. झाकणाखाली आगकाडीच्या जाडीची फट. दार पश्चिमेकडे नको. पन्नास पावलांवर उथळ गंगाळात खडे टाकून पाणी ठेवा आणि ते एकही दिवस कोरडं पडू देऊ नका. पाणी संपलं की माशा शेजाऱ्याच्या कूलरवर जातात आणि भांडण तुमच्या दारी येतं.

दुसरा धोका पावसाळा. मेणकिडा मजबूत पेटीत शिरत नाही, कमजोर पेटीतल्या रिकाम्या पोळ्यांत शिरतो. चौकटींवर माशा जितक्या, तितक्याच चौकटी ठेवा, बाकीच्या काढून घट्ट डब्यात दर १५ दिवसांनी गंधकाची धुरी द्या. धुरीने अंडी मरत नाहीत, म्हणून ती परत परत. साखर-पाणी अंधार पडल्यावर, पेटीच्या आत, न सांडता. दिवसा दिलं की लूट सुरू होते : दारात माशा कुस्ती खेळताना दिसतात, फटींतून घुसायला बघतात. तेव्हा दार एका माशीपुरतं बारीक करा आणि सगळ्याच पेट्या झाका. पेटीच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आणि थोडं जळकं ऑईल, नाहीतर मुंगळे रात्रीत वसाहत संपवतात.

फवारणीची विषबाधा ओळखायला सोपी. दारासमोर एका दिवसात मेलेल्या माशांचा सडा, पुष्कळांच्या जिभा बाहेर. पऱ्हाटीवर इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम सर्रास मारतात, आणि पऱ्हाटीच्या पानांवरही मकरंदग्रंथी असल्याने फूल नसताना माशी त्यावर बसते. शेजारी सांगून फवारत असेल तर सूर्यास्तानंतर करायला लावा. सकाळीच होणार असेल तर आदल्या रात्री दाराला जाळी लावून, सावलीत, पाणी देऊन एक दिवस कोंडता येतं. दोन दिवस नाही. उन्हाळ्यात तर एकही नाही, त्यापेक्षा तीन किलोमीटरच्या पलीकडे हलवा. त्याहून जवळ हलवल्या तर उडत्या माशा जुन्याच जागी परततात.

मेलिफेरावर व्हॅरोआ नावाची तांबूस गोचीड असते. नराचं बंद घर टाचणीने उघडून बघितलं की पांढऱ्या पिल्लावर ती उठून दिसते. फॉर्मिक अॅसिड वापरायचं तर तापमान ३० अंशांच्या खाली हवं आणि मधाची कोठी काढलेली. एप्रिलमध्ये वापरून राणी गमावू नका.

मध काढणं आणि विकणं

चौकटीची तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय काढू नये. शंका असेल तर चौकट आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आत हवं, अन्न सुरक्षेचा निकषही तोच आहे. विक्रीसाठी एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. पिल्लं असलेली चौकट यंत्रात घालायची नाही, आणि प्रत्येक पेटीत चार-पाच किलो मध ठेवायचाच. सगळा काढला तर जूनमध्ये तीच उणीव साखरेने भरावी लागते.

काढलेला मध दुहेरी कापडातून गाळून झाकलेल्या बादलीत तीन-चार दिवस ठेवा. फेस आणि मेणाचे कण वर येतात, ते चमच्याने काढून खालच्या तोटीने बाटल्या भरा. लेबलवर "संत्र्याचा मध" लिहायचं तर बहरापूर्वी चौकटी रिकाम्या केलेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर तो तुरी-धन्याचा मिश्र मध असतो आणि तसंच लिहावं. थंडीत बाटली रवाळ झाली की गिऱ्हाईक साखर घातल्याचा आरोप करतं. मोहरीचा मध तर दोन-तीन आठवड्यांतच गोठतो. लेबलच्या मागे दोन ओळी छापून घ्या : मध गोठणं स्वाभाविक आहे, बाटली ४० अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास उभी ठेवावी, गॅसवर ठेवू नये.